हिरा जडवायला देताय? आधी त्याची नाजूक जागा शोधा

हल्ली पुण्यात साखरपुड्याची अंगठी करायची म्हटलं की बरेच जण हिरा वेगळा घेतात आणि अंगठी वेगळी घडवून घेतात. कुणी मुंबईहून सर्टिफिकेटचा सुटा हिरा मागवतं, कुणी लॅबमध्ये तयार झालेला घेतं, कुणाच्या घरी आजीच्या कुड्या मोडून निघालेला खडा डब्यात पडून असतो. हिरा पुडीतून काढून लक्ष्मी रोडवरच्या पेढीत काउंटरवर ठेवला, समोरच्याने तो चिमट्यात धरून आत नेला, की मनात धाकधूक सुरू होते: बसवताना टवका उडाला तर? चीर गेली तर? आणि उडालाच, तर आपल्याला कळेल तरी का?

ही भीती अगदीच खुळी नाही. पण ती सगळ्या हिऱ्यावर सारखी पसरवू नका. हिरा ठरावीक दोन-तीन जागीच नाजूक असतो. त्या जागा तुमच्या हिऱ्यात कुठे आहेत, हे हिरा हातातून सोडण्याआधी बघून ठेवलंत, तर सेटिंग, म्हणजे हिरा अंगठीत धरण्याची पद्धत, कोणतं निवडायचं, कारागिराला काय सांगायचं आणि अंगठी परत आल्यावर कुठे बघायचं, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिथूनच मिळतात. नवख्या माणसाने कोणत्या क्रमाने जावं, ते खाली सांगतो.

कठीण आहे, पण चिवट नाही

खरा हिरा ऐरणीवर ठेवून घण मारला तरी फुटत नाही, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कृपा करून ती कोणी आजमावू नका. मोह्सच्या मापावर हिऱ्याचं काठिण्य 10 आहे आणि माणिक-नीलम 9 वर आहेत. याचा अर्थ एवढाच की हिऱ्यावर ओरखडा काढायला दुसरा हिराच लागतो. आघात सोसणं हा वेगळा गुण आहे आणि त्यात हिरा अजिंक्य नाही. त्याच्या स्फटिकात चार दिशा अशा असतात की तिथे नेमका घाव बसला तर तो लाकूड रेषेत फाटावं तसा सरळ फाटतो. पैलू पाडणारे लोक शतकानुशतकं याच गुणावर काम करत आले. 1908 साली ॲम्स्टरडॅममध्ये जोसेफ ॲशर यांनी 3,106 कॅरेटचा कलिनन हिरा आधी खाच पाडून, त्यात पोलादी पातं ठेवून, वर घाव घालूनच दुभंगला. जगातला सर्वांत मोठा रत्न-दर्जाचा कच्चा हिरा जर घावाने दोन होतो, तर तुमच्या अर्ध्या कॅरेटच्या हिऱ्याची पातळ कड चुकीच्या दाबाने तुटू शकते, हे मान्य करायला हरकत नाही.

लॅबमध्ये तयार झालेला हिराही हिराच आहे. तो बनवण्याची पद्धत सीव्हीडी असो की एचपीएचटी, काठिण्य तेच आणि फाटण्याच्या दिशाही त्याच. ‘लॅबचा आहे, चालतंय’ म्हणून कोणी हात सैल सोडत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

नाजूक जागा अशा. एक, गर्डल. म्हणजे हिऱ्याची कंबर, वरचा आणि खालचा भाग जिथे मिळतो ती कड. सेटिंगची पकड इथेच येते. दोन, टोकं. चौकोनी प्रिन्सेसचे चार कोपरे, थेंबाच्या आकाराच्या पेअरचं एक टोक, होडीसारख्या मार्कीझची दोन. तीन, पृष्ठभागापर्यंत आलेली चीर. रिपोर्टमध्ये चिरेला फेदर म्हणतात. चौथी जागा क्युलेट, म्हणजे तळाचं टोक. पण ते माउंटिंगच्या, म्हणजे हिरा ज्यात बसतो त्या धातूच्या फ्रेमच्या, आत राहतं, तेव्हा जडवताना त्याला सहसा काही होत नाही.

गोल आकार, मध्यम जाडीची गर्डल, कडेला चीर नाही, असा हिरा सरावाच्या हाताने चार किंवा सहा प्राँगमध्ये, म्हणजे हिऱ्याला धरणाऱ्या धातूच्या बारीक नख्यांमध्ये, बसवणं हे कारागिराचं रोजचं काम आहे. तुमचा हिरा असा असेल तर निम्मी काळजी इथेच सोडून द्या.

हिरा देण्याआधीचा अर्धा तास

माझ्या मते सगळ्या प्रकरणात हा अर्धा तास सर्वांत मोलाचा, आणि नेमका हाच लोक घाईत घालवतात.

आधी रिपोर्ट काढा. जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळांच्या रिपोर्टवर सहसा गर्डलची जाडी लिहिलेली असते: एक्स्ट्रीमली थिन, व्हेरी थिन, थिन, मीडियम, स्लाइटली थिक, थिक अशा पायऱ्यांनी. बहुतेकदा दोन टोकं दिलेली असतात, उदाहरणार्थ ‘थिन टू मीडियम’. तुमच्या रिपोर्टवर ‘व्हेरी थिन’ किंवा ‘एक्स्ट्रीमली थिन’ असेल, तर ते शब्द पेन्सिलीने गोल करून ठेवा. कारागिराला पहिलं तेच सांगायचं आहे.

मग शुद्धतेचा दर्जा बघा. व्हीव्हीएस, व्हीएस या वरच्या पायऱ्यांवर दोष फार बारीक असतात, तिथे जडाईच्या दृष्टीने चिंता करण्यासारखं फारसं नसतं. एसआय2 आणि त्याखालच्या आय दर्जांमध्ये मात्र दोष कोणता आहे आणि कुठे आहे हे बघावं लागतं. मोठ्या रिपोर्टवर हिऱ्याची आकृती असते. आतले दोष लाल रेघांनी आणि पृष्ठभागावरच्या खुणा हिरव्या रेघांनी दाखवलेल्या असतात. टेबलाखाली, म्हणजे हिऱ्याच्या वरच्या सपाट पैलूखाली, मधोमध एखादा काळा ठिपका असेल तर तो डोळ्याला खुपेल, पण जडाईला त्याचा त्रास नाही. कडेला टेकलेली लहानशी फेदर डोळ्याला दिसणारही नाही, आणि काळजी तिचीच करायची. लहान हिऱ्यांच्या संक्षिप्त रिपोर्टवर आकृती नसते. तिथे पेढीवर बसूनच पाहून घ्यावं लागतं.

पाहायचं ते दहापट भिंगातून, ज्याला सगळे लूप म्हणतात. पेढीवर ते असतंच, मागायला संकोच करू नका. भिंग डोळ्याला अगदी जवळ धरायचं आणि हिरा त्याच्याजवळ आणायचा. साधारण इंचभर अंतरावर तो स्पष्ट होतो. हिरा चिमट्यात आडवा धरून गर्डल सावकाश फिरवा. पूर्ण एक फेरी. नवख्या डोळ्याला पहिल्या फेरीत काही कळत नाही, दुसऱ्या फेरीत कड कुठे जाड आणि कुठे पातळ आहे ते दिसू लागतं. रिपोर्टचा नंबर लेझरने कोरलेला असेल तर तोही याच कडेवर असतो. तो वाचून रिपोर्टशी ताडून घ्या. आधीच एखादा बारीक टवका असेल, तर तोही आत्ताच दिसायला हवा. पुढे वाद झाला तर ‘हा आधीचाच’ आणि ‘हा तुमच्याकडे झाला’ यात मध्यस्थ कुणीच नसतो.

फोटो काढा. मोबाइलचा कॅमेरा भिंगाला टेकवला तर पुरेसा स्पष्ट फोटो येतो. वरून एक, बाजूने दोन-तीन, आणि फेदर किंवा जुना टवका असेल तर त्याचा वेगळा. मग हिरा काट्यावर ठेवून वजन करा. 1 कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम. काटा कॅरेटमध्ये दशांशानंतर दोन आकडे तरी दाखवणारा हवा. आकडा रिपोर्टशी जुळला की त्याचाही फोटो घ्या. एकदा अंगठीत बसला की हिरा सुटा तोलता येत नाही.

एक प्रश्न इथेच विचारून ठेवा: हिऱ्यातल्या चिरा काचेसारख्या द्रव्याने भरलेल्या तर नाहीत? असे हिरे बाजारात असतात. ते उष्णतेला आणि अल्ट्रासॉनिक, म्हणजे कंपनांनी दागिने साफ करणाऱ्या, मशिनला टिकत नाहीत. रिपोर्टशिवाय स्वस्तात मिळालेल्या मोठ्या हिऱ्याबाबत हा प्रश्न हमखास विचारायचा.

सेटिंग हिऱ्याकडे बघून निवडा

लोक आधी फोटोत आवडलेलं डिझाइन ठरवतात आणि मग त्यात हिरा कोंबतात. उलट करा.

गोल हिऱ्याला प्राँग सेटिंग सर्वांत निवांत. चार प्राँगमध्ये हिरा जास्त मोकळा दिसतो. सहामध्ये एखादा प्राँग झिजला किंवा अडकून वाकला तरी बाकीचे धरून ठेवतात. रोज घालायची अंगठी असेल तर मी सहाच सांगेन. घरात यावर चर्चा होईल, ‘चारात हिरा मोठा दिसतो’ असं कोणीतरी म्हणेल, आणि ते खरंही आहे. तरीही सहाच.

टोकाच्या हिऱ्यांना त्या टोकांवर इंग्रजी व्ही अक्षरासारखे प्राँग हवेत. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे टोक जिथे टेकणार तिथे कारागिराने आतून धातू थोडा खोदून मोकळा ठेवायला हवा. म्हणजे दाब टोकाच्या दोन्ही बाजूंच्या कडांवर येतो आणि टोक स्वतः अधांतरी राहतं. प्रिन्सेसचा कोपरा तुटतो तो बहुतेकदा एवढी मोकळी जागा न ठेवल्यामुळे. आयताकृती एमराल्ड कटचे कोपरे मुळातच छाटलेले असतात, तिथे ही चिंता कमी.

बेझल, म्हणजे सोन्याची पट्टी सगळीकडून वळवून केलेलं कोंदण. वापरात याच्याइतकं सुरक्षित काही नाही, कारण कड पूर्ण झाकलेली राहते. बसवताना मात्र ती पट्टी हातोडीने किंवा हॅमर हँडपीसने, म्हणजे मशिनवर चालणाऱ्या बारीक हातोडीने, दाबत न्यावी लागते, आणि गर्डल फार पातळ असेल तर तिथे जपावं लागतं. पातळ गर्डलच्या हिऱ्याला मी तरीही बेझल सुचवीन. अट एकच: पट्टी पातळ आणि धातू मऊ असावा. बसवतानाची जोखीम एकदाच घ्यायची असते, वापरातली रोजची.

टेन्शन सेटिंगमध्ये हिरा दोन टोकांच्या दाबावर तोललेला असतो. पातळ गर्डल किंवा कडेला फेदर असेल तर त्याचा विचारही नको. लहान हिऱ्यांची ओळ चॅनलमध्ये किंवा प्रेशर सेटिंगमध्ये, म्हणजे हिरे लगतलगत बसवून, करायची असेल तर हिरे एकमेकांना घासणार नाहीत ना, हे विचारा. हिऱ्यावर ओरखडा हिराच काढतो. कारखान्यात बनणाऱ्या तयार दागिन्यांत काही वेळा लहान हिरे मेणाच्या नमुन्यातच बसवून वरून धातू ओततात, त्याला वॅक्स सेटिंग म्हणतात. तुमच्या मुख्य हिऱ्याला ते कोणी सुचवलं तर नाही म्हणा, हँड सेटिंगच करायचं.

शुक्राचा हिरा म्हणून घालणाऱ्यांना तळ उघडा हवा असतो, खडा बोटाला टेकायला हवा म्हणून. चालेल, पण क्युलेट अंगठीच्या आतल्या कडेच्या बाहेर डोकावता कामा नये. अंगठी ओट्यावर काढून ठेवताना ते टोक आधी आपटतं.

धातूबद्दल थोडक्यात. 22 कॅरेट सोनं प्राँगसाठी फार मऊ. हिऱ्याला 18 कॅरेट, म्हणजे 750, किंवा 14 कॅरेट, म्हणजे 585 घ्या. व्हाइट गोल्ड जास्त ताठ असतं. त्याचे जाड प्राँग वाकवायला जास्त जोर लागतो, म्हणून अगदी नाजूक हिऱ्याला पिवळं 18 कॅरेट किंवा प्लॅटिनम बरं. सोन्यावर बीआयएसचा हॉलमार्क आणि सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. तो हिरा बसण्याआधीच्या फ्रेमवर उमटवून घेता येईल का, हे विचारा. तेवढाच हिऱ्याचा एक प्रवास वाचतो.

पेढीवर बोलणं

काउंटरवरची व्यक्ती आणि जडाई करणारा हात हे बहुतेकदा वेगळे असतात. सोन्या मारुती चौक आणि रविवार पेठेच्या आतल्या बोळांत वरच्या मजल्यांवर कारागीर बसतात. त्यांत बंगाली कारागीर पुष्कळ. काही पेढ्या काम मुंबईला पाठवतात. यात गैर काही नाही, पण तुम्हाला माहीत असायला हवं. म्हणून सरळ विचारा: ‘काका, जडाई इथेच होणार की बाहेर? कारागीर कोण आहेत? प्रिन्सेस नेहमी बसवतात ना?’ चांगला सराफ या प्रश्नांनी चिडत नाही. उलट, ज्याला हिऱ्यातलं कळतं तो स्वतःच भिंग लावून गर्डल बघतो आणि ‘इथे जरा पातळ आहे, प्राँग इथे नको’ असं तुम्हाला सांगतो. असा माणूस भेटला की पेढी सापडली समजा.

जमलं तर कारागिराशी पाच मिनिटं बोलायला मागा. फेदर कुठे आहे ते दाखवा आणि दोन गोष्टी ठरवून घ्या. एक, त्या जागी प्राँगचा दाब येणार की नाही. उत्तर नेहमी एकच नसतं. किरकोळ, जुन्या, स्थिर चिरेवर प्राँग आणून ती झाकायची, म्हणजे वापरात तिला धक्का लागत नाही, असं काही कारागीर करतात. चीर लांब आणि उघडी असेल तर प्राँग तिथून दूर ठेवतात. तुमच्या हिऱ्यासाठी काय आणि का, ते त्याच्याच तोंडून ऐका. दोन, लेझरचा नंबर प्राँगखाली जाऊ द्यायचा नाही. तो दोन प्राँगच्या मधे राहिला तर पुढे कधीही ओळख पटवता येते.

धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय्य तृतीया, गुरुपुष्यामृत आणि ऐन लग्नसराईच्या आठवड्यांत हिरा जडवायला टाकू नका. त्या दिवसांत कारागिराच्या पुढ्यात कामाचा ढीग असतो आणि घाईच्या हाताला जोर जास्त लागतो. साखरपुडा तेव्हाच असेल तर महिनाभर आधी द्या.

पावतीवर काय हवं

तोंडी ‘काही काळजी करू नका’ यावर निघून यायचं नाही. पावतीवर हिऱ्याचा आकार, वजन, रिपोर्टचा नंबर, आधीपासून असलेले दोष आणि ठरवलेलं सेटिंग लिहून घ्या. आणि मुख्य ओळ: जडाईत हिऱ्याला इजा झाल्यास जबाबदारी कोणाची.

इथे दोन प्रकारच्या पेढ्या भेटतील. हिरा त्यांच्याकडूनच घेतला असेल तर बहुधा जबाबदारी ते घेतात. तुम्ही बाहेरून आणलेल्या हिऱ्याला मात्र बऱ्याच ठिकाणी ‘ग्राहकाच्या जोखमीवर’ असं लिहितात. ते वाचून घाबरून उठून येऊ नका, कारण त्यांच्या बाजूने बघितलं तर कुठल्यातरी हिऱ्याची मजुरी थोडी आणि जोखीम लाखाची, हे खरं आहे. पण बोलणी करा. निष्काळजीपणा आणि हिऱ्याचा अंगचा दोष यात फरक लिहून मिळतो का, ते बघा. कडेला मोठी फेदर असलेल्या हिऱ्याची हमी कुणीच देणार नाही आणि देऊही नये. स्वच्छ, मध्यम गर्डलच्या गोल हिऱ्याची हमी मागण्यात काही चूक नाही. विम्याचं नाव निघालं तर पॉलिसीत काय येतं ते स्पष्ट विचारा. चोरी किंवा हरवणं आणि कामाच्या दरम्यान झालेली इजा या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट पॉलिसीत असतेच असं धरून चालू नका.

कारागिराच्या टेबलावर

आत काय चालतं हे डोळ्यांसमोर असलं की भीती पुष्कळ ओसरते.

अंगठी लाकडी दांड्यावरच्या लाखेत किंवा क्लॅम्पमध्ये घट्ट बसवलेली असते, म्हणजे ती हलत नाही. कारागीर मेणाच्या काडीने हिरा टेबलाकडून उचलतो, प्राँगवर अलगद ठेवतो, माप बघतो, परत काढतो. मग बर नावाच्या बारीक फिरत्या कोरणीने प्रत्येक प्राँगच्या आतल्या बाजूला खाच पाडतो, गर्डलसाठी बैठक. हिरा ठेवतो, बघतो, काढतो, किंचित आणखी कोरतो. हे ठेवणं-काढणं ज्याच्याकडे जास्त, तो चांगला कारागीर. हिरा सगळ्या खाचांत एकाच वेळी, एकाच पातळीवर टेकायला हवा. एका बाजूला जरी तो अधांतरी राहिला, तरी प्राँग दाबताना त्या बाजूला झुकतो, आणि टवका उडतो तो त्या क्षणी. म्हणजे चूक झालेली असते बैठकीत, दिसते ती दाबताना.

दाबतानाही एक प्राँग पूर्ण वाकवून मग दुसरा, असं करत नाहीत. समोरासमोरचे दोन थोडे-थोडे, मग उरलेले, मग पुन्हा पहिले. दाब वरच्या पैलूवर येतो, गर्डलच्या पात्यासारख्या कडेवर नाही. शेवटी प्राँगची टोकं कप बरने गोल करतात. या वेळी बर हिऱ्याला घासला तर बरचीच धार जाते, हिऱ्याला काही होत नाही. खरखर आवाज ऐकू आला तरी दचकू नका.

उष्णतेचं मात्र वेगळं आहे. हवेत साधारण 700-800 अंश सेल्सिअसच्या पुढे हिऱ्याचा पृष्ठभाग जळू लागतो. हिरा शेवटी कार्बनच. डाग देण्याचं, म्हणजे सोल्डरिंगचं, तापमान याच्या आसपास जातं. जळालेला पृष्ठभाग धुरकट पांढरा दिसतो आणि धुऊन जात नाही, पुन्हा पॉलिश करावं लागतं. म्हणून डाग द्यायचं सगळं काम हिरा बसवण्याआधी पुरं व्हायला हवं. पुढे माप बदलताना हिरा जागेवर ठेवून डाग द्यावाच लागला तर कारागीर स्पिरिटमध्ये कालवलेल्या बोरिक ॲसिडचा थर हिऱ्यावर देतात, आणि तापलेली अंगठी लगेच पाण्यात बुडवत नाहीत. लेझर वेल्डिंगने उष्णता एका ठिपक्यापुरती राहते. पुण्यात ते करून मिळतं, मजुरी थोडी जास्त पडली तरी घ्या. अंगठीत हिऱ्याशेजारी पाचू किंवा मोती असेल तर ते काढल्याशिवाय कोणतंही गरम काम करू द्यायचं नाही.

आजीच्या कुड्यांतला किंवा जुन्या अंगठीतला हिरा असेल तर जोखीम जडवण्याआधीच सुरू होते, काढताना. प्राँग वर उचलून हिरा खेचायचा नाही, प्राँग कापून तो मोकळा करायचा. जुनं सोनं मोडीतच जाणार आहे, त्याची माया नको. झाकलेल्या कडेवर वर्षानुवर्षांचा टवका दडलेला असण्याची शक्यता मोठी, तेव्हा काढल्याक्षणी, तुमच्या समोर, भिंगातून बघून फोटो काढायचा. जुन्या हाताच्या पैलूंची कड एकसारखी नसते. यंत्राने बनलेल्या तयार माउंटिंगमध्ये असा हिरा बसवू नका, त्याच्या मापाने घडवून घ्या.

अंगठी हातात आल्यावर

पेढीतून बाहेर पडण्याआधी बघा. घरी जाऊन नाही.

प्रथम अंगठी स्वच्छ करून मागा. पॉलिशची काळी लुगदी प्राँगखाली राहिलेली असते आणि ती हुबेहूब टवक्यासारखी दिसते. मग भिंग. दोन प्राँगमधली कड एकेक करून बघा, टोकं बघा, आधी पाहिलेली फेदर तेवढीच आहे का ते फोटोशी ताडा, लेझरचा नंबर वाचा. बाजूने बघितल्यावर टेबल सपाट दिसायला हवं, तिरकं नको. प्रत्येक प्राँग हिऱ्याला टेकलेला हवा. पातळ कागदाची कड प्राँगखाली सरकता कामा नये. कानाजवळ धरून बोटाने हलकं ठोठावा, खुळखुळ नको. ओढणीच्या टोकावरून हळूच फिरवा, धागा अडकला तर प्राँग पुन्हा गोल करून मागा.

हिऱ्यात प्राँगजवळ काळी-पांढरी खूण दिसली तर एकदम आवाज चढवू नका. सोन्याचं प्रतिबिंब पैलूंत उमटतं आणि नवख्याला ते तड्यासारखं भासतं. अंगठी हळूहळू तिरकी करा. खूण जागा बदलते, तुटते, नाहीशी होते, तर ते प्रतिबिंब. खरा टवका कडेला एकाच जागी राहतो, त्याच्या आत पायऱ्या-पायऱ्यांसारखा चकचकीत भाग दिसतो, आणि नखाने कड चाचपली की कधीकधी लागतोही.

टवका दिसलाच तर

अंगठी घालून घरी आणू नका. तिथेच भिंगातून त्यांना दाखवा, फोटो काढा, पावतीवर किंवा वेगळ्या कागदावर लिहून सही घ्या. आवाज शांत ठेवा. ज्यांच्याकडे नाव जपलं जातं अशा पेढ्या बहुधा स्वतःहून मार्ग काढतात.

मार्ग कोणते? टवका अगदी बारीक आणि कडेवर असेल तर हिरा किंचित फिरवून तो प्राँगखाली घेता येतो. हा उपाय मला पटतो तो फक्त तुम्हाला सांगून, किंमत कमी धरून केला तर. दुसरा मार्ग पुन्हा पॉलिश करण्याचा. ते काम मुंबई किंवा सुरतेच्या पैलूकारांकडे जातं. त्यात वजन घटतं, आणि इथे हिशेब नीट मांडा: 1.01 कॅरेटचा हिरा 0.98 झाला तर भाव फक्त तीन सेंटने, म्हणजे कॅरेटच्या शंभरातल्या तीन भागांनी, उतरत नाही, तो एक कॅरेटच्या खालच्या रांगेत जातो. नवा रिपोर्टही काढावा लागतो. त्याचा खर्च कोणी करायचा, हे हिरा पाठवण्याआधी लिहून घ्या. तिसरा मार्ग तोडीस तोड हिरा बदलून घेण्याचा किंवा भरपाईचा.

बोलणी फिसकटली तर दुसऱ्या ठिकाणी स्वतंत्र तपासणी करून लेखी मत घ्या. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली सेवेतली त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. तिथे तुमच्या बाजूने बोलतील ते हिरा देण्याआधीचे फोटो, वजन आणि पावती.

घालायला लागल्यावर

जडाईत जेवढे हिरे दुखावतात त्याहून ओट्याची ग्रॅनाइटची कड, कुकरचं झाकण, जिममधला लोखंडी दांडा आणि स्कूटरचं हँडल यांनी प्राँग जास्त वाकतात. वाकलेल्या प्राँगमधला हिरा हलू लागला की त्याची कड रोज धातूवर आपटते. कणीक मळताना, भांडी घासताना, जड सामान उचलताना अंगठी काढा आणि वेगळ्या डबीत ठेवा, बाकीच्या दागिन्यांत नको. घरी धुवायची तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे, बेसिनला बूच लावून. कडेला फेदर असलेल्या हिऱ्याला अल्ट्रासॉनिक मशिन नको, हे पेढीवर प्रत्येक वेळी आठवणीने सांगा.

पहिली तपासणी तीन-चार महिन्यांनी करून घ्या, कारण नवे प्राँग सुरुवातीलाच थोडे सैल होण्याचा संभव असतो. पुढे वर्षातून एकदा पुरते, आणि बऱ्याच पेढ्या त्याचे पैसेही घेत नाहीत. अंगठी कुठे जोरात आपटली तर मात्र वर्षाची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा, आणि तोपर्यंत ती बोटात घालू नका.